इंजिन तेच, मोटर नवी

तुम्ही कधी विजेवर चालणारी एखादी वस्तू उघडून पाहिली आहे का? मिक्सर, पंखा, ड्रोन, गाडीची काच वरखाली करणारं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात एक मोटर असते. आपण बटण दाबतो आणि ती फिरते. तिची आठवण आपल्याला येते ती बंद पडल्यावरच. या पाठात मी तुम्हाला अशाच एका मोटरबद्दल सांगणार आहे. ती होती आगगाडीच्या एका छोट्या मॉडेलमध्ये. ते इंजिन आमचं नव्हतं, आणि म्हणूनच काम जरा जोखमीचं होतं. हे सगळं आमच्या घरी, हर्नडनमध्ये, जेवणाच्या टेबलावर घडलं. त्यामुळे जवळजवळ तीन आठवडे आम्ही ओट्याशी उभं राहूनच जेवत होतो.

आधी थोडं हर्नडनबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण डब्ल्यू अँड ओ डी ट्रेलवर सायकल चालवतात. शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत ही वाट ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर लांब आहे. पण तिचं नाव असं का, हे किती जणांना माहीत आहे? ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन’ हे एका रेल्वेचं नाव. आज जिथे डांबर आहे, तिथे पूर्वी रूळ होते. १९५१ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९६८ मध्ये मालगाड्याही थांबल्या आणि रेल्वे बंद झाली. रूळ गेले, पण हर्नडनचं जुनं स्टेशन राहिलं. त्याच्या बाजूला हिरवळीवर एक लाल डबा उभा आहे. अमेरिकेत त्याला कॅबूस म्हणतात. आपल्याकडे तो ‘गार्डचा डबा’. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात सिल्व्हर लाइन मेट्रो आपल्या गावापर्यंत आली, पण ती त्या जुन्या स्टेशनापासून लांब, हमरस्त्याच्या मधोमध थांबते. जुन्या स्टेशनावर आता गाडी येत नाही. माणसं येतात, आणि त्यांत माझे वडील रोज सकाळी यायचे.

माझ्या वडिलांना मी अप्पा म्हणतो. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. कुर्डुवाडी सोलापूर जिल्ह्यात आहे. १८९७ मध्ये तिथून बार्शीला जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट होतं. ‘बार्शी लाइट रेल्वे’ असं तिचं नाव, आणि आमच्या गावचं वर्कशॉप हे मुळात त्या रेल्वेचं. माझ्या लहानपणी अप्पांच्या शर्टाला कायम तेलाचा वास असायचा. आई तो शर्ट वेगळा धुवायची.

अप्पा जानेवारीत सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. तुमचेही आजीआजोबा असे येत असतील. पहिला महिना छान जातो. मग त्यांना काय करावं ते सुचत नाही. गाडी चालवता येत नाही, दुकानं चालत जाण्यासारखी नाहीत, दिवसभर घरात कोणी नाही. अप्पा तर कामाचे माणूस. त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. एकही दार कुरकुरेना. मग तेही काम संपलं. उरला तो लाल डबा. अप्पा तिथे जाऊन वाकून त्याची चाकं, ब्रेक, स्प्रिंगा बघत बसायचे.

तिथेच त्यांची आमच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांशी ओळख झाली. ते पंचाहत्तरीचे. लहानपणी त्यांनी त्या मार्गावरून मालगाड्या जाताना पाहिल्या होत्या. अप्पांचं इंग्रजी म्हणजे मोजके पंचवीस-तीस शब्द, त्यांतले निम्मे रेल्वेचे. पण तेवढे पुरले. एका शनिवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं आणि तळघरात नेलं. तिथे त्यांची आगगाडी होती. रूळ, पूल, बोगदा, छोटी झाडं, छोटं स्टेशन.

ही मॉडेलं बहुतेक ‘एच ओ’ मापाची असतात. म्हणजे खरी वस्तू ८७ पट लहान केलेली. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. वही-पेन्सिल घ्या आणि गुणाकार करून बघा : १६.५ गुणिले ८७ म्हणजे जवळजवळ १,४३५ मिलिमीटर. अमेरिकेतल्या खऱ्या रुळांचं अंतर बरोबर एवढंच आहे. भारतातली ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटर, म्हणून भारतीय गाडीचं मॉडेल या रुळांवर ठेवलं की जाणकाराला ते जरा अंग चोरून उभं आहे असं वाटतं. आणि आमची बार्शीची गाडी? ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे पावणेनऊच्या आसपास. याहून लहान अशा ‘एन’ मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात, त्यांवर ती चालेल. हे गणित अप्पांनी तळघरात उभ्या उभ्या केलं आणि मला म्हणाले, “म्हणजे आपली गाडी खेळण्यातसुद्धा छोटीच!”

मॉडेल रेल्वे अप्पांनी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं, आणि मी शाळेत असताना अप्पा मला तिथे घेऊन गेले होते. पुण्याला गेलात तर जरूर बघा. सिग्नल पडतात, दिवे लागतात, गाड्या एकमेकींना वाट देतात. मी गाड्या बघत होतो. अप्पा गाड्यांना गती देणारा माणूस कुठे बसलाय ते शोधत होते.

तर, समोरच्या तळघरात निम्मी आगगाडी खोक्यांत भरलेली होती. जूनच्या शेवटी ते गृहस्थ हर्नडन सोडून मुलीच्या जवळ, दुसऱ्या राज्यात, वृद्धांसाठीच्या छोट्या घरात जाणार होते. तिथे एवढ्या पसाऱ्याला जागा नाही. बाकीचं सगळं ते देऊन टाकणार होते, बरोबर न्यायचं ते एकच खोकं. त्यात एक निळं-पिवळं डिझेल इंजिन होतं. रंग चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे. हर्नडनची रेल्वे शेवटची काही वर्षं याच कंपनीच्या मालकीची होती. ते इंजिन त्यांच्या वडिलांनी त्यांना घेऊन दिलेलं. आता ते चालत नव्हतं. रुळावर ठेवलं की कळ काढल्यासारखं गप्प राहायचं, बोटाने ढकललं की धक्के खात थोडं पुढे जायचं आणि परत थांबायचं. ही मोटर आता कोणी बनवत नाही, दुरुस्तीपेक्षा नवं इंजिन स्वस्त पडेल, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ते बंद इंजिन तसंच न्यायची त्यांची तयारी होती.

मी हे सगळं मराठीत सांगितल्यावर अप्पांनी इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, चाक नखाने फिरवून बघितलं.

“सांग त्यांना, आम्ही बघतो.”

मी मराठीतच म्हणालो, “अप्पा, दुसऱ्याची वस्तू आहे. त्यांच्या वडिलांनी दिलेली. काही तुटलं तर परत मिळायची नाही.”

“म्हणून तर आपण करायचं. दुसरा कोणी करणारेय का?”

यावर मला उत्तर नव्हतं. इंजिन एका जुन्या टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे आलं. गृहस्थांची जायची तारीख आणि अप्पांच्या परतीच्या विमानाची तारीख एकाच आठवड्यातल्या होत्या. हातात २४ दिवस.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या दोघांचं जमेना. मी दिवसभर संगणकावर काम करणारा माणूस. आमच्या धंद्यात एखादा भाग बिघडला की तो काढून दुसरा बसवतात. मी लगेच नव्या मोटरची मापं शोधायला लागलो. अप्पांनी माझा लॅपटॉप मिटवला.

“नवीन कशाला? आधी ह्याला काय झालंय ते बघ की.”

अप्पांचं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. नवी मोटर बसवून इंजिन चाललं नसतं, तर दोष मोटरचा, तारेचा की चाकांचा, हे आम्हाला कळलंच नसतं.

इथे थोडं थांबून मोटर कशी चालते ते बघू. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मोटरला ‘विद्युत चलित्र’ म्हणायचे आणि तारेच्या वेटोळ्याला ‘कुंडल’. तुम्ही मोटर म्हणा, काही बिघडत नाही. अप्पाही मोटरच म्हणतात. पण कुंडल हा शब्द मात्र लक्षात ठेवा. कानात घालायचं ते कुंडल, आणि तारेचं वेटोळं तेही कुंडल. या मोटरमध्ये बाहेर चुंबक असतो आणि आत दांड्यावर तांब्याच्या तारेची पाच कुंडलं. कुंडलातून वीज गेली की तेही चुंबक बनतं. मग बाहेरचा चुंबक त्याला ओढतो किंवा ढकलतो, आणि दांडा फिरतो. पण दांडा जरा फिरला की वीज पुढच्या कुंडलात जायला हवी, नाही तर तो तिथेच थांबेल. त्यासाठी दांड्यावर तांब्याचे पाच छोटे तुकडे गोलाकार बसवलेले असतात. त्याला कॉम्युटेटर म्हणतात. त्यावर दोन बाजूंनी कार्बनचे दोन ठोकळे घासत राहतात. त्यांना म्हणायचं ब्रश. दात घासायच्या ब्रशाशी त्याचा काही संबंध नाही, हे आमच्या मुलीला पटवायला बराच वेळ लागला.

इंजिनाचं प्लॅस्टिकचं कवच चार बाजूंनी हलकेच दाबून वर उचललं. आत ओतीव धातूची जड चौकट, मधोमध मोटर, आणि मोटरच्या दोन्ही टोकांकडून दोन दांडे पुढच्या-मागच्या चाकांकडे गेलेले. अप्पा हसले. खऱ्या डिझेल इंजिनात असं नसतं. तिथे डिझेलचं यंत्र वीज तयार करतं, आणि ती वीज चाकांपाशी बसवलेल्या वेगवेगळ्या मोटरींना जाते. आमच्या कुर्डुवाडीवरून पूर्वी मुंबई-सोलापूरच्या गाड्या ओढणारी डिझेल इंजिनं याच पद्धतीची होती. त्यांचा नमुना ‘अल्को’ या अमेरिकन कंपनीचा. १९६२ मध्ये पहिली इंजिनं अमेरिकेतून भारतात आली आणि पुढे वाराणसीला बनू लागली. रेल्वेतली जुनी माणसं अजूनही त्यांना ‘अल्को’च म्हणतात. अप्पांना इतक्या वर्षांनी अल्कोच्या देशात येऊन हे हातभर नव्हे, वीतभर इंजिन उघडायला मिळालं होतं.

आधी साफसफाई. कॉम्युटेटर काळा पडला होता. कापसाच्या बोळ्याला अल्कोहोल लावून तो पुसला. तांब्याच्या तुकड्यांमधल्या फटीत कार्बनची भुकटी साठते, ती टूथपिकने काढली. ब्रश ठीक होते, त्यांच्यामागच्या स्प्रिंगाही. मोटर परत बसवली, वीज दिली. धक्के तसेच. आणि फिरताना एका ठिकाणी निळसर ठिणगी.

मग अप्पांनी मल्टिमीटर मागितला. हे एक छोटं यंत्र असतं, तारेतून वीज जायला किती अडथळा आहे ते दाखवतं. या अडथळ्याला आमच्या पुस्तकात ‘रोध’ म्हणायचे, तो ओहममध्ये मोजतात. कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन तुकड्यांवर मीटरच्या सुया टेकवायच्या, आकडा लिहायचा, मग पुढची जोडी. आकडे लिहायचं काम मुलीकडे. तिने वहीत मराठी अंकांत लिहिलं : ११, ११, ११, ११, ४४.

तुम्हाला यातून काय कळतं? वाचणं थांबवून मिनिटभर विचार करा.

पाच कुंडलं एकमेकांना जोडून एक गोल साखळी झालेली असते. त्यातलं एक तुटलं, तर त्या जागी विजेला सरळ वाट नाही. तिला उलट्या बाजूने, बाकीच्या चारही कुंडलांतून वळसा घालून यावं लागतं. ११ गुणिले ४ बरोबर ४४. म्हणजे पाचव्या कुंडलाची तार आत कुठेतरी तुटली होती. ते ज्या बाजूला असेल त्या बाजूने जोर मिळेना, म्हणून इंजिन अडखळत होतं. मुलीने हे माझ्याआधी ओळखलं, आणि तो विषय तिने आठवडाभर सोडला नाही.

अप्पांचा पुढचा विचार लगेच ठरला : रिवाइंडिंग. म्हणजे जळकी किंवा तुटकी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. महाराष्ट्रात कुठल्याही गावात जा, ‘मोटर रिवाइंडिंग’ची पाटी लावलेलं एक दुकान सापडतंच. शेतातल्या विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती तिथे घेऊन येतो, नवी घेत नाही. अप्पांनी कुंडलाच्या टोकापाशी तुटलेली जागा शोधली, बाहेर असती तर नुसता डाग देऊन भागलं असतं. डाग देणं म्हणजे कथील वितळवून दोन तारा जोडणं. पण तार आतल्या थरात तुटलेली. ती केसाइतकी बारीक, कित्येक वेढे, आणि पाचही कुंडलांत वेढे सारखेच हवेत, नाही तर मोटर थरथरते. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालेलं. भिंगाखाली धरून त्यांनी ती तार बराच वेळ बघितली आणि मोटर टेबलावर ठेवली.

“माझ्याच्यानं आता नाही व्हायचं हे.”

अप्पांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलगी वहीत डोकं घालून बसली होती, तिनेही वर बघितलं. मी लॅपटॉप उघडू का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली. मात्र एक अट घातली. इंजिनाला काहीही कापायचं नाही, कानस लावायची नाही, नवं भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला जुनी मोटर परत बसवायची झाली तर ती जशीच्या तशी बसली पाहिजे.

ही अट ऐकायला सोपी आहे. जुन्या इंजिनात नवी मोटर बसवणारे बरेच लोक चौकट कापून जागा करतात. आम्हाला ती वाट बंद झाली. मग मापं घेणं आलं. मोटर दोन्ही बाजूंना दांडा असलेली हवी, कारण चाकं दोन्हीकडे. बारा व्होल्टवर चालणारी हवी. फार वेगाने फिरणारी नको, नाही तर मालगाडीचं इंजिन डेक्कन क्वीनसारखं पळेल. आणि रुंदी चौकटीच्या खाचेपेक्षा कमी. जुन्या मोटरचा दांडा २.४ मिलिमीटर जाड होता, जी मोटर जागेत मावत होती तिचा २ मिलिमीटर. दांडा आणि चाकांकडची जोडणी यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या छोट्या वाट्या असतात. अप्पा म्हणाले पितळेची बारीक नळी करून घालू, फक्त लेथ कुठे आहे ते सांग. मी म्हणालो, इथे ओळखीत कोणाकडे लेथ नाही. “एवढं मोठं गाव आणि लेथ नाही?” हा प्रश्न त्यांनी नंतर फोनवर कुर्डुवाडीच्या निदान तिघांना विचारला. शेवटी २ मिलिमीटर भोकाच्या वाट्याच मागवल्या.

पार्सल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत समोरच्या दारात खोक्यांचा ढीग वाढत होता. रोज संध्याकाळी ते गृहस्थ कचरा ठेवायला बाहेर आले की आमच्या खिडकीकडे बघायचे, हात करायचे, आणि इंजिनाबद्दल काहीही विचारायचे नाहीत.

मोटर आली. आता खरं काम. तुम्हाला वाटेल मोटर बसवली, तारा जोडल्या, झालं. तसं नाही. मोटरचा दांडा आणि चाकांकडे जाणारे दांडे एका सरळ रेषेत यायला हवेत. जरा वरखाली झालं तरी जोडणी वाकड्यात फिरते, आवाज करते, शक्ती खाते आणि महिन्याभरात झिजते. जुन्या मोटरचा दांडा चौकटीच्या तळापासून १०.२ मिलिमीटर उंचीवर होता. नवी मोटर १५ मिलिमीटर उंच, म्हणजे तिचा दांडा तिच्या तळापासून ७.५ वर. वजाबाकी केली : मोटरखाली २.७ मिलिमीटरचं पॅकिंग हवं. अप्पा अजून सुतात मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. ते म्हणाले, “सूतभर नाही, सुताला जरा कमी.” माझ्या डिजिटल मापकाने तेच सांगितलं, फक्त जास्त आकडे वापरून.

दोन मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी खाली घातली. राहिलेल्या ०.७ साठी अप्पांनी न्हाणीघरातल्या फटी बुजवायचं सिलिकॉन वापरायचं ठरवलं. हे मला फार आवडलं. सिलिकॉन मऊ असतं, मोटरची थरथर चौकटीपर्यंत पोचू देत नाही, आणि काढायचं झालं तर ब्लेडने सोलून निघतं. स्क्रू नको, भोक नको. सिलिकॉन ओलं असताना अप्पांनी स्टीलची पट्टी आधी वरून आणि मग बाजूने दांड्यांना लावली, डोळा मिटून एका रेषेत बघितलं, मोटर नखाने केसभर सरकवली, परत बघितलं. बारीक तारेपुढे हार मानलेले डोळे इथे चुकत नव्हते. सरळ रेषा त्यांना दिसत होती. मग त्यांनी वर एक रबरबँड चढवला आणि टेबलावर चिठ्ठी ठेवली : “उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नये.” सिलिकॉन वाळायला चोवीस तास लागतात. चिठ्ठी मराठीत होती, पण त्या दिवशी घरी आलेल्या मुलीच्या मैत्रिणींनाही ती बरोबर कळली.

तारांचं काम माझं. जुन्या मोटरला एका बाजूने वीज चौकटीतूनच मिळायची, कारण तिची खालची पत्ती चौकटीला टेकलेली असायची. नवी मोटर सिलिकॉनवर बसलेली, ती कशालाच टेकत नव्हती. म्हणून एक तार चौकटीच्या जुन्याच स्क्रूखाली दाबली आणि दुसरी वरच्या पट्टीला डाग देऊन जोडली. एक गोष्ट लक्षात ठेवा : या दोन तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. पुढे जाताना उजव्या रुळाकडे धन टोक, असा रिवाज आहे. तो पाळला की दोन इंजिनं एकाच रुळावर ठेवली तरी एकाच दिशेने जातात.

वीज दिली. इंजिन हललं. धक्का नाही, ठिणगी नाही. मीटरवर आकडा पाव अँपिअरच्या आत, जुनी मोटर जवळजवळ एक अँपिअर खायची. मी खूश. अप्पा नाहीत. त्यांनी कबाबची लाकडी काडी घेतली, एक टोक चौकटीला टेकवलं, दुसरं कानापाशी धरलं. वर्कशॉपमध्ये बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात, फक्त तिथे लोखंडी सळई असते. “मागच्या बाजूला काहीतरी खरखरतंय.” मागचा गिअरचा डबा उघडला. आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं आणि त्यात गालिच्याचे धागे गुंतलेले. सगळं धुऊन काढलं, प्लॅस्टिकला चालेल असं नवं वंगण अगदी थेंबभर घातलं. वंगण म्हणजे तेल, ग्रीस वगैरे, घासणाऱ्या भागांमध्ये घालायचं ते. जास्त घातलं की त्याला धूळ चिकटते. अप्पा मला हे सांगत असताना मला बिजागऱ्यांवरून ओघळलेलं तेल दिसत होतं, पण मी बोललो नाही.

एकविसाव्या दिवशी आम्ही इंजिन घेऊन समोर गेलो. तळघर रिकामं झालं होतं. पूल, बोगदा, स्टेशन, सगळं गेलेलं. आमच्यासाठी त्यांनी जमिनीवरच रुळांचा एक लंबगोल मांडून ठेवला होता आणि खोक्यातून आठ वाघिणी काढल्या होत्या. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. शेवटी एक लाल कॅबूस. त्यांनी नॉब हळूहळू फिरवला. इंजिन सुरुवातीला इतकं सावकाश निघालं की ते चालतंय की नाही ते चाकांकडे बघूनच कळत होतं. मग आठही वाघिणींच्या जोडण्या एकामागून एक ताणल्या गेल्याचा आवाज आला, टकटकटक. खऱ्या मालगाडीचा येतो तसाच, पण अगदी बारीक. अप्पांनी मान डोलावली. ते गृहस्थ गुडघे दुखतात म्हणून कधी खाली बसत नसत, त्या दिवशी ते जमिनीवर बसले. बऱ्याच फेऱ्या झाल्या. कोणी काही बोललं नाही, आणि मला भाषांतर करायचं काम उरलं नाही.

निघताना अप्पांनी जुनी मोटर त्यांच्यापुढे धरली आणि मला म्हणाले, “विचार, नेऊ का?” मी विचारलं. ते आधी गोंधळले. तुटकी मोटर कशाला, असं त्यांना वाटलं असावं. मग मी कुर्डुवाडीचं रिवाइंडिंग काय असतं ते सांगितलं. त्यांनी मोटर अप्पांच्या हातात ठेवून त्यांची मूठ मिटली.

अप्पांनी ती आईच्या जुन्या कुंकवाच्या डबीत कापूस घालून ठेवली आणि मोठ्या बॅगेत टाकली. कुर्डुवाडीला त्यांच्या ओळखीचे एक कारागीर आहेत, पंखे आणि मिक्सर बांधून देतात. एवढी छोटी मोटर त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी आधी एका चांगल्या कुंडलाची तार उलगडली आणि वेढे मोजले, मग पाचही कुंडलं नव्याने गुंडाळली. ऑगस्टमध्ये अप्पांनी व्हिडिओ कॉल केला. टेबलावर मोटर, शेजारी बॅटरी, आणि मोटर फिरत होती. मुलीने फोनवरूनच मीटर लावायला सांगितलं आणि आकडे लिहून घेतले. पाचही सारखे.

आता ती मोटर इथे आणून, त्या गृहस्थांना नव्या पत्त्यावर पाठवायची आहे. टपालाने पाठवायला अप्पा तयार नाहीत. डबीसकट ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी आहे, वजन फार नाही. तुमच्या घरी दिवाळीनंतर पुण्या-सोलापूरकडून कोणी येणार असेल, तर वर्गात सांगा. चिवड्याच्या पिशवीत सहज मावेल.